गायतोंडेंच्या चित्रासमोर उभं राहून पाहायचं तरी काय?

हळद_वायगाव | मंगळवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी वर्धा जिल्ह्यातली, समुद्रपूर तालुक्यातली अंगणवाडी सेविका. काही वर्षांपूर्वी मानधनवाढीसाठी आम्ही सगळ्या मुंबईला आझाद मैदानावर बसलो होतो. शिष्टमंडळ मंत्रालयात गेलं की मागे राहिलेल्यांना तासन्‌तास काही काम नसतं. तर आम्ही काहीजणी पायीपायी काळा घोड्यापर्यंत गेलो आणि तिथल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरलो. मूर्ती पाहिल्या, भुसा भरलेली जनावरं पाहिली. एका दालनात वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. आत गार होतं म्हणून गेलो, खोटं कशाला सांगू.

चित्रात माणूस नाही, झाड नाही, देव नाही. एक चित्र माझ्यापेक्षा उंच आणि पिवळं. पिवळं म्हणजे एकच पिवळा नाही. खाली तांबूस, मध्ये गेरूकडे झुकलेला, वर कुठेकुठे जवळपास पांढरा. त्यात काळपट आकार. लांबून वाटतं काहीतरी लिहिलंय, जवळ गेलं की एक अक्षर लागत नाही. नाव पाहावं तर "शीर्षक नाही". माझी मैत्रीण म्हणाली, "चित्र काढाचं बाकीच हाय वाटते वं अजून." आम्ही अशा हसलो की पहारेकरी आला. मी वाकून बघत होते तर म्हणाला, "हात नोका लावू जी." मोर्शीकडचा निघाला. मग संत्र्याच्या भावावर गप्पा.

बाकीच्या खाली चहाला गेल्या, मी मात्र थांबले. आता पोरगी इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसतेय, तिने परवा मोबाईलवर गायतोंडेंचं चित्र दाखवून विचारलं, "आई, तू पाह्यलं होतं ना हे? यात काय हाय?" मला काही सांगता येईना. "छान आहे" म्हणावं तर का छान ते माहीत नाही, आणि "काही नाही त्यात" म्हणायला जीभ रेटत नाही. तर जाणकारांनी सांगावं, अशा चित्रासमोर उभं राहून नेमकं काय पाहायचं असतं?

तर्री_पोहे | मंगळवार, रात्री ९.२०

किंमत पाहायची असते ताई. बाकी सगळं आपोआप दिसाले लागते.

निळी_शाई | मंगळवार, रात्री १०.०५

छान धागा. मी मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाच्या आसपास बरीच वर्षं वावरलेय, त्यामुळे थोडी माहिती टाकते.

गायतोंडे यांचा जन्म 1924 चा, नागपूरचा. आईवडील मूळ गोव्याचे, पुढचं आयुष्य मुंबईत आणि मग दिल्लीत. जे.जे.मधून 1948 मध्ये पदविका घेतली. सुरुवातीची चित्रं पाहिलीत तर चकित व्हाल, त्यात माणसं आहेत, लघुचित्रांसारखी ठसठशीत रेघ आहे. 1950 च्या दशकात हळूहळू सगळं गळत गेलं. ते स्वतः "अमूर्त" म्हणवून घ्यायला तयार नसत. अमूर्त म्हटलं की आधी काहीतरी मूर्त होतं आणि ते पुसलं असा अर्थ निघतो. त्यांच्या मते त्यांच्या चित्रात मुळात वस्तूच नव्हती. 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, झेन या बौद्ध ध्यानपंथाचा अभ्यास होता, 1971 मध्ये पद्मश्री मिळाली.

पण हळदताई, तुम्ही विचारलंय काय पाहायचं. माझं उत्तर असं की ते कसं केलंय ते पाहा. त्यांनी ब्रश बराचसा बाजूला ठेवला होता. घराला रंग देणारे वापरतात तसा रोलर आणि रंग खरवडायची सुरी. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे कागद फाडून त्यांचे आकार करायचे, त्यांनी रंग कॅनव्हासवर ठेवायचा किंवा उचलायचा. तुम्हाला लिपीसारखे वाटलेले आकार बरेचदा त्यातून येतात. कडेने, तिरक्या उजेडात पाहिलं तर फाटक्या कागदाची धार रंगात उमटलेली दिसते. एक पातळ थर, तो वाळेपर्यंत नुसतं बसणं, मग पुढचा. वर्षाला पाच-सहाच चित्रं व्हायची.

तुम्ही वाकून पाहत होतात ना? बरोबर जागी वाकला होतात.

सातपुडा | मंगळवार, रात्री १०.३१

चला, आता दोन दिवसांत "विदर्भाचा सुपुत्र" सुरू होणार. नागपुरात जन्म झाला एवढंच. विदर्भाने त्यांना काय दिलं आणि त्यांनी विदर्भाला काय दिलं? उगाच दुसऱ्याच्या लग्नात आपला अहेर मिरवू नका.

निवृत्त_ग्रेडर | बुधवार, पहाटे ५.४८

मी जुन्या वळणाचा माणूस आहे, राग मानू नये.

चित्र समजावून सांगायला शेजारी एक बाई किंवा बुवा उभा करावा लागत असेल तर ते चित्र अपुरं आहे. रोलरने केलं की खराट्याने केलं याच्याशी बघणाऱ्याला काय घेणं? घाम गाळला म्हणून माल चांगला होत नाही. शाईताईंनी तंत्र छान सांगितलं, पण तंत्र सांगून मूळ प्रश्न टाळला. त्या बाईंनी विचारलं, यात काय आहे. उत्तर द्या.

तर्री_पोहे | बुधवार, सकाळी ७.१५

काका पहाटे पावणेसहाला अमूर्त चित्रकलेवर भांडतात. मले आधी उठून चहा तरी घेऊ द्या.

मास्तर_आर्वी | बुधवार, दुपारी १.४०

मधल्या सुट्टीत लिहितोय. मी चित्रकला शिक्षक, जिथे चित्रकलेच्या तासाला गणिताचा पोर्शन पूर्ण करतात अशा शाळेत.

ग्रेडर साहेबांचा प्रश्न रास्त आहे, पण तो प्रश्न आपल्या तोंडी येतो कुठून ते सांगतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला विषय काय असतात? भूमिती-अक्षरलेखन सोडलं तर वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. वस्तुचित्रात समोर तांब्या आणि कांदा ठेवायचा, तो तांब्यासारखा आणि कांद्यासारखा आला की गुण. स्मरणचित्रात बाजार, नाही तर पाणवठा. संकल्पचित्रात मात्र गंमत आहे. तिथे त्याच पोराला आपण सांगतो, चौकटीत आकारांची रचना कर, रंगसंगती साध, कशासारखं दिसायची गरज नाही. आणि कोणीही विचारत नाही की बाळा, हे कशाचं आहे. साडीच्या काठाला आपण विचारतो का? हळदताई, पोरीला सांगा, तू परीक्षेत तिसऱ्या पेपरला जे करतेस तिथून सुरुवात कर. गायतोंडे तिथून फार लांब गेले, पण रस्ता तोच.

सातपुडा, तुमच्यासाठी वेगळी प्रतिक्रिया लिहितो, घंटा झाली.

पऱ्हाटी | बुधवार, दुपारी ३.०२

मी दिल्लीला आधुनिक कला संग्रहालयात त्यांची चित्रं पाहिली आहेत. खरं सांगू? कंटाळा आला. माझ्या नवऱ्याला आवडली, तो तिथून हलेना. मी बाकावर बसून पायाला आलेले फोड मोजले. कंटाळा येणं हेही उत्तर धरा की. सगळ्यांना सगळं भिडलंच पाहिजे असा काही जी.आर. निघालेला नाही.

हळद_वायगाव | बुधवार, दुपारी ४.२०

पऱ्हाटी ताई :) हे वाचून किती बरं वाटलं. मास्तर, पोरीला वाचून दाखवलं. ती म्हणते "मंग सर पहिलेच असं काहून नाही सांगत?" तिचे सर म्हणजे तुम्ही नव्हे, घाबरू नका.

मास्तर_आर्वी | बुधवार, रात्री ८.५५

सातपुडा यांना:

गायतोंडेंचा नागपूरशी संबंध जन्मापुरता, मान्य. पण सय्यद हैदर रझा घ्या. जन्म 1922, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील जंगलखात्यात. तेव्हा तो सगळा मुलूख मध्य प्रांत-वऱ्हाडात, राजधानी नागपूर. रझांनी चित्रकलेचे पहिले धडे नागपूरच्या चित्रकला शाळेत घेतले, 1939 ते 43, मग जे.जे. आणि 1950 मध्ये पॅरिस. त्यांच्या चित्रांतला तो प्रसिद्ध काळा बिंदू कुठून आला? प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी पोराचं लक्ष लागेना म्हणून भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि म्हणाले, याच्याकडे बघत बस. पॅरिसमध्ये अर्धं आयुष्य काढून माणूस शेवटी त्या ठिपक्यापाशी आला. 2010 मध्ये भारतात परतले, 2016 मध्ये गेले तेव्हा इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या शेजारी दफन झालं. नागपूरहून मंडला एका दिवसात होतं, आणि आपण जातो कान्हाचा वाघ बघायला.

(तो गुरुजी आज असता तर "विद्यार्थ्याला एका जागी बसवून शिक्षा" म्हणून त्याला नोटीस आली असती, ते सोडा.)

धामणगाव_पॅसेंजर | बुधवार, रात्री ९.४४

मास्तर, रझांचं नाव घेतलं आणि आमच्या गाडे साहेबांना विसरले? हरी अंबादास गाडे, जन्म 1917, तळेगाव दशासर. आमचा धामणगाव तालुका! 1947 मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा नव्या चित्रकारांचा गट निघाला त्यात सहा जण: सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे. सहांतले दोघं नागपूरकडे घडलेले. गायतोंडे त्यात नंतर सामील झाले. गाडे मूळचे विज्ञान शिकलेले, नंतर चित्रांकडे वळले. त्यांची गावांची, घरांची चित्रं पाहा, घर घर राहत नाही, रंगाचे ठोकळे होत जातात. अर्धं मूर्त, अर्धं अमूर्त. ज्याला एकदम गायतोंडे झेपत नाही त्याने गाड्यांपासून सुरुवात करावी असं माझं मत.

तळेगावात कोणालाही विचारा, गाडे कोण ते माहीत नसते. शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) म्हटलं की मात्र सारं गाव सांगते.

ढेकूळ | बुधवार, रात्री ९.५१

तळेगावचा पट! आमचे आबा बैलजोडी घेऊन जायचे तिथं. 2014 मध्ये कोर्टाच्या आदेशाने बंद झाला होता, 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तेव्हा आबा नव्हते. जोडी तर त्याआधीच विकली होती.

तर्री_पोहे | बुधवार, रात्री ९.५८

ढेकूळभाऊ, कोन्या रंगाची जोडी होती? आबाचा घड्याळात किती सेकंद निघायचा?

ढेकूळ | बुधवार, रात्री १०.०३

एक पांढरा, एक बांडा. सेकंद विचारू नका, आबा दरवर्षी वेगळा आकडा सांगत.

सातपुडा | बुधवार, रात्री १०.१०

धागा चित्रांचा होता ना? बैल कुठून आले?

गाड्यांची माहिती नव्हती, धन्यवाद. पण माझा मुद्दा उलट बळकट झाला. तिघेही इथून गेले म्हणून चित्रकार झाले. कारण कॅनव्हास, रंग, गॅलरी, विकत घेणारा, टीका करणारा, यातलं काहीच इथे नव्हतं. नागपूरला अजब बंगला 1863 पासून उभा आहे, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. आमच्या लेखी तो शाळेच्या सहलीत मगर बघायची जागा. आपल्या खेड्यातल्या पोराने खरं चित्र, छापील नव्हे, कॅनव्हासवरचं, आयुष्यात पहिल्यांदा कधी पाहिलं? हळदताईंनी मोर्चाला गेल्यावर पाहिलं. यावर बोला.

हळद_वायगाव | गुरुवार, सकाळी ११.३०

सातपुडा दादा, बरोबर बोललात. मोर्चा नसता तर मी कशाला जाते तिथं.

शाईताईंचं वाचून काल अंगणवाडीत एक प्रयोग केला. एरवी आम्ही भेंडीचे ठसे करतो. काल पोरांना जुने पेपर फाडायला दिले (फाडायला द्या म्हटल्यावर आनंद विचारू नका), एका पुठ्ठ्यावर पिवळा रंग रोलरने फिरवला आणि ओला असतानाच कागदाचे तुकडे दाबून उचलले. पहिल्यांदा नुसता चिखल झाला. मग लक्षात आलं की रंग अर्धवट सुकू द्यायला लागतो. लवकर उचलला की सगळाच निघून येतो, उशीर केला की कागद चिकटून बसतो आणि बातमीची उलटी अक्षरं मागे राहतात. मधली वेळ बोट लावूनच कळते. पुठ्ठा हातात धरला तेव्हा पटलं, त्या मोठ्या चित्रात हे किती ठिकाणी केलं असेल आणि किती ठिकाणी फसल्यावर पुन्हा वरून थर दिला असेल. तो पांढरट भाग जो मला वर दिसला होता, तो वरून लावलेला नसावा, खालून उघडा केलेला असावा, असं आता वाटतं.

पर्यवेक्षिका आल्या होत्या. फोटो काढला, म्हणाल्या अहवालात टाकायला नाव पाहिजे, हे कशाचं चित्र आहे? मी "निसर्गचित्र" लिहून दिलं.

तर्री_पोहे | गुरुवार, सकाळी ११.३४

"निसर्गचित्र" 😂 अहवालात सारं बसते ताई.

निळी_शाई | गुरुवार, दुपारी १२.१५

वाह! खालून उघडा केलेला, अगदी बरोबर पाहिलंत. हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना ऐकवणार आहे.

निवृत्त_ग्रेडर | गुरुवार, संध्याकाळी ६.२०

सगळं वाचलं. बाईंचा प्रयोग आवडला. तरी माझं समाधान नाही, आणि आता प्रश्न नीट मांडतो.

मी पस्तीसेक वर्षं कापसाची प्रत ठरवली. सगळा कापूस सरकारच घ्यायचं त्या एकाधिकार खरेदीच्या काळात संकलन केंद्रावर रात्र रात्र गाड्यांची रांग असायची. मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांनी ओढून धाग्याची लांबी पाहायची, ओल पाहायची, कवडी (किडका कापूस) किती, फरदडीचा (हंगाम सरल्यावरचा) आहे का, वरच्या थराखाली काय दडवलंय. शेतकरी भांडायचा, पण दुसरा ग्रेडर आणला तरी बहुतेक वेळा तीच प्रत सांगायचा. याला म्हणतात माल ओळखणं. आता मला सांगा, चांगलं अमूर्त आणि वाईट अमूर्त कसं ओळखायचं? 2013 साली मुंबईच्या लिलावात गायतोंडेंचं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं, हे मी पेपरात वाचलेलं आहे. ती प्रत कोणी लावली आणि कशावरून? दुसरा ग्रेडर आणला तर तेच सांगेल का?

पऱ्हाटी | गुरुवार, संध्याकाळी ६.४१

काकांनी षटकार मारला. मी पण याच उत्तराची वाट बघतेय.

निळी_शाई | गुरुवार, रात्री ९.३०

आधी किमतीचं. लिलावाचा भाव म्हणजे प्रत नव्हे. चित्रकाराने कमी चित्रं केलेली, त्यातली फार थोडी बाजारात येणारी, आणि त्या खोलीत पैसेवाले दोघंजण हट्टाला पेटलेले, यातून आकडा ठरतो. ते चित्र 1979 चं. गायतोंडे 2001 मध्ये गेले, त्यांना हे भाव दिसलेसुद्धा नाहीत. दिल्लीत निजामुद्दीनला साध्या भाड्याच्या जागेत राहिले. 1984 मध्ये अपघात झाला, त्यानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणं काही वर्षं थांबलं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात 2014 मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेही लिलावानंतर. त्यामुळे 23 कोटी विसरा.

प्रतीचं उत्तर मास्तर जास्त चांगलं देतील.

मास्तर_आर्वी | गुरुवार, रात्री १०.४५

ग्रेडर साहेब, पहिल्या हंगामात तुम्हाला मूठ धरून प्रत सांगता येत होती का? तुमच्याजवळ कोणी जुना माणूस उभा असेल, त्याने दहा गाड्या दाखवल्या असतील, एकात बोट घालून "हे बघ" म्हटलं असेल. त्याला तुम्ही "शेजारी बुवा उभा करावा लागतो म्हणजे माल अपुरा" असं म्हणाला नाहीत.

मी काय बघतो ते सांगतो. शास्त्र नाही, सवय आहे. पहिलं म्हणजे कोपरे आणि कडा. कच्चा चित्रकार सगळा जीव मध्यभागी ओततो आणि कोपरे भरून काढतो. गायतोंडेंच्या चित्रात कडेशी येऊन रंग कसा थांबतो ते बघा, तिथेही तितकाच विचार असतो. दुसरं, एखादा आकार बोटाने झाकून बघायचा (हवेत, नाही तर मोर्शीवाले येतील). झाकल्यावर काही बिघडत नसेल तर तो आकार तिथे उगाच होता. तिसरं, एकाच माणसाची भरपूर चित्रं ओळीने पाहायची, म्हणूनच प्रदर्शन लागतं. एकटं चित्र काही सांगत नाही, दहा पाहिली की त्यातलं फसलेलं आपोआप नजरेत येतं. आणि हो, गायतोंडेंचीही फसलेली आहेत. सगळी थोर म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरा ग्रेडर तेच सांगेल का? शंभर टक्के नाही. पण तुम्ही ते "बहुतेक वेळा" म्हणालात ना, तेवढं जमतं.

निवृत्त_ग्रेडर | शुक्रवार, पहाटे ५.३५

कोपऱ्यांचं पटलं. गंजीतही आम्ही आधी कोपऱ्यातच हात घालायचो, भेसळ तिथंच असायची. बाकीचं अर्धवट पटलं. मोबाईलवर चार चित्रं काढून पाहिली. सगळी सारखीच दिसली.

निळी_शाई | शुक्रवार, सकाळी ९.१०

मोबाईलवर दिसणारच नाहीत. थर हा सगळा खेळ आहे आणि पडद्यावर थर नसतो. पाच-सहा फुटांचं चित्र बोटभर करून पाहिलं तर उरतो नुसता पिवळा चौकोन. प्रत्यक्षच पाहा. दिल्लीत इंडिया गेटजवळ जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, त्यांच्या संग्रहात गायतोंडे आहेत. मुंबईची शाखा काळा घोड्यालाच, वस्तुसंग्रहालयासमोर, तिथे लावलेली चित्रं बदलत असतात. जाण्याआधी काय लागलंय ते विचारून घ्या. दोन्हीकडे सोमवारी बंद.

हळद_वायगाव | शुक्रवार, सकाळी ९.४८

युनियनला सांगून ठेवते, पुढचा मोर्चा सोमवारी नको.

मास्तर, पोरीने तुमचं बोटाने झाकून बघायचं स्वतःच्या संकल्पचित्रावर करून पाहिलं. तीन फुलं खोडली. आता रडत बसली आहे, कारण शाईत काढली होती.

धामणगाव_पॅसेंजर | शुक्रवार, सकाळी १०.२०

अवांतर: तळेगावच्या पटात यंदा गाडे साहेबांच्या चित्रांचे छापील फलक लावता येतील का? हजारो लोक येतात. ढेकूळभाऊ, मास्तर, संपर्कातून कळवा. सातपुडा, तुम्हीही या, नुसतं लिहू नका.

सातपुडा | शुक्रवार, सकाळी १०.४४

छापील नको म्हणूनच तर बोंबलत होतो. पण येतो. फलकाचा खर्च काय येईल ते कळवा.

निवृत्त_ग्रेडर | शुक्रवार, सकाळी ११.०५

मुलगी दिल्लीला असते. दिवाळीनंतर जाणं होईल तेव्हा जयपूर हाऊसला जाऊन येतो. कोपरे बघीन. नाही आवडलं तर इथे येऊन स्पष्ट लिहीन.

तर्री_पोहे | शुक्रवार, सकाळी ११.०७

काका, आवडलं तरी लिहा. अन् पहाटे नोका लिहू.